खानदेशात फिरताना बॅगेत कोणत्या लेन्स? अनुभव लिहा

थंडीत चार दिवस खानदेश: अजिंठा, चांगदेव मंदिर, हतनूर धरण, सारंगखेड्याची यात्रा. पाठीवर एकच बॅग. कोणती लेन्स घ्यावी आणि कोणती घरी ठेवावी, हे इथं कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांनी लिहावं. ‘सगळ्या घ्या’ हे उत्तर नको. बॉडी क्रॉप (लहान सेन्सर) की फुल फ्रेम (मोठा सेन्सर) तेही लिहा, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही.

जळगावहून

अजिंठा जिल्ह्याबाहेर असला तरी इथूनच जवळ, म्हणून सुरुवात तिथून. सोमवारी लेणी बंद असतात. गाडी फर्दापूर फाट्यावर ठेवून पुढे बस, मग पायऱ्या. खांद्याला पेलेल तेवढंच घ्या. आत फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला परवानगी लागते. फोटो हातात धरूनच काढायचे, हे धरून चाला.

निघण्याआधी एक हिशोब करा. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीचा आकडा), गुणिले अंतर, म्हणजे फ्रेममध्ये मावणारी रुंदी. फुल फ्रेम ३६ मिमी, क्रॉप साधारण २३.५. २६ क्रमांकाच्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध सुमारे ७ मीटर लांब आहे. क्रॉपवर १८ मिमीने तो सरळ समोरून पूर्ण घ्यायचा तर जवळजवळ साडेपाच मीटर मागे जावं लागतं, आणि मूर्ती बाजूच्या वाटेत असल्यामुळे मागे सरकलात की खांब आडवे येतात. १० मिमीने तीन मीटरमध्ये काम होतं. म्हणून क्रॉपवाल्यांनी १०-१८, फुल फ्रेमवाल्यांनी १६-३५. मस्तक मात्र फ्रेमच्या अगदी कडेला ठेवू नका. वाइड लेन्स कडा ताणते आणि इतका शांत चेहरा लांबट होतो. कडेला जागा सोडून घ्या, नंतर कापा.

१, २, १६, १७ मधल्या चित्रांसाठी एफ १.८ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) हवीच; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. एफ ४ ला आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ६४०० लागत असेल तिथं १.८ ला १३०० च्या आसपास भागतं. चित्रांचे रंग मंद आहेत, जास्त आयएसओच्या दाण्यात ते आधी हरवतात.

भुसावळहून

प्राइमबद्दल सहमत, पण भाऊ, क्रॉपवर ५० नको. तीन मीटरवरून जेमतेम १.४ मीटर भिंत मिळते. ३५ ने दोन मीटर मिळते.

हतनूर यादीत नसेल तर १५०-६०० घरीच ठेवा. दोन किलो वजन चार दिवस कशाला? असेल तर मात्र तीच घ्या, कारण बदकं पाण्यात लांब बसतात. सकाळी लवकर पोचा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा हलते आणि फोटो मऊ येतो. लोक फोकसला दोष देतात, पण इथं शटरचा वेग वाढवून काही होत नाही; अंतर कमी करणं एवढाच उपाय. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं मंदिर त्याच फेरीत होतं. बाहेरचं कोरीवकाम वरच्या थरांपर्यंत आहे, तिथं ५५-२५० सारखी हलकी टेली (लांबचं जवळ आणणारी लेन्स) पुरते. तिरपं ऊन हवं, दुपारी नक्षी सपाट दिसते.

शहाद्याहून

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे पळतात तिथं धूळच धूळ. सकाळी ७०-२०० लावा आणि संध्याकाळपर्यंत काढू नका. बदलायचीच असेल तर गाडीत बसून, काचा बंद, कॅमेरा बंद, तोंड खाली. सेन्सरवरची धूळ एफ २.८ ला दिसत नाही. एफ ११ ला आकाशात काळे ठिपके होऊन येते. हवा मारायचा रबरी ब्लोअर वापरा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब बसतात. धावत्या घोड्याला १/१००० सेकंदापेक्षा मंद शटर नको. वाइड घेऊन घोड्याच्या जवळ जाऊ नये: नाक भलतंच मोठं येतं, आणि मागच्या बाजूला असाल तर लाथ बसू शकते.

नंदुरबारहून

पावसाळ्यात तोरणमाळ करणाऱ्यांसाठी थोडक्यात. २४-१०५ एकटी पुरे. सीताखाईच्या दरीत धुकं उतरलं की टेलीला काही दिसत नाही. एसी गाडीतून थंड लेन्स बाहेर काढली की काच धुरकट होते. बंद पिशवीत ठेवूनच बाहेर आणा, वीसेक मिनिटांनी उघडा. पुसत बसू नका, पुन्हा धुरकटते.

रावेरहून

केळीच्या बागा कोणी लिहिल्या नाहीत. दोन ओळींच्या मधून घ्यायला क्रॉपवर १८ पुरते, वेगळी लेन्स नको. अडचण रंगाची आहे: पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा, त्यामुळे माणसांचे चेहरे आजारी दिसतात. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप साधलेला रंगांचा तोल) सोडा. त्याच सावलीत पांढरा कागद धरून कस्टम करा. आणि कापणी चालू असेल तर कॅमेरा झाकून घ्या. चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. त्या हाताने लेन्सचं फडकं धरू नका.