नर्सरीतल्या फायकसचं बोन्साय: थेट ट्रेमध्ये लावू का?

गच्ची_पुणे
उरुळी कांचनच्या एका नर्सरीतून फायकस (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) आणलाय. काळी पिशवी 8 बाय 10 इंचाची, झाड अडीच फूट उंच, बुंधा मातीलगत साधारण एक इंच जाड. माती लाल आणि दाबून भरलेली, पाणी घातलं की बराच वेळ वरच साचून राहतं. दीड इंच खोलीचा सिरॅमिकचा ट्रेही घेऊन ठेवलाय. मेचा दुसरा आठवडा चालू आहे, गच्चीवर दुपारी कडक ऊन असतं. थेट ट्रेमध्ये लावू का? फांद्या किती कापायच्या, मुळं किती? कृपया मापासकट सांगा.

माती_खडी
ट्रे कपाटात ठेवा, दोन-तीन वर्षं तरी त्याचं काम नाही. ट्रेमध्ये गेलं की बुंधा जाड होणं जवळपास थांबतं. उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट असली की झाड जुनं आणि भारदस्त दिसतं. तुमचा बुंधा एक इंच, म्हणजे आजच्या जाडीला सहा इंचांचं झाड शोभेल. फूटभर उंचीचं हवं असेल तर बुंधा दोन इंचांपर्यंत न्यावा लागेल.

पहिलं काम आजच करता येईल. कबाब लावायच्या बांबूच्या काडीने बुंध्याभोवतीची वरची इंच-दीड इंच माती हळूहळू उकरा. नर्सरीत पिशवी भरताना बुंध्यावर माती चढते आणि मुळांचा खरा पसारा खाली दडतो. बुंधा खाली पसरट होऊन जिथून मुळं चहूबाजूंना निघतात, तीच झाडाची खरी पातळी. ती दिसल्याशिवाय झाडाची समोरची, म्हणजे दर्शनी बाजू ठरवू नका.

त्यानंतर छाटणी. पाच-सहा इंचांवर एखादी जोमदार बाजूची फांदी बघा आणि तिच्या वर इंचभर खुंट सोडून शेंडा उडवा. खुंट थोडा वाळतोच, तो फांदीपर्यंत उतरू नये म्हणून ही जागा सोडायची. चीक वाहील. ओलं फडकं दाबून धरा, थांबला की बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. ती फांदी आता नवा शेंडा. तिला मोकळी वाढू द्या, दोन-अडीच फूट गेली तरी खुडू नका, कारण तिच्या पानांवरच खालचा बुंधा भरतो. नवे फुटवे चार-पाच पानांचे झाले की मुळांचं काम काढा.

पानोपानी
बाकी सगळं मान्य, पण या झाडाला क्रम उलटा हवा. पाणी वर साचतंय म्हणजे मातीत हवा नाही. शेंडा उडवल्यावर पानं राहतात मूठभर, झाड पाणी ओढत नाही, त्यात पाऊस सुरू झाला की तो लाल गोळा आठवडाभर ओलाच राहतो आणि मुळं कुजतात. अशा वेळी वरचा खुंट काळा पडतो आणि माणूस छाटणीला दोष देतो. म्हणून आधी मुळं.

आणि फायकस नेमका कोणता ते बघा. पान जाड, टोकाला बोथट असेल तर मायक्रोकार्पा, म्हणजे आपला नांद्रुक. तो जुन्या लाकडावरही फुटतो. पान पातळ, टोक लांब निमुळतं आणि फांद्या लोंबत्या असतील तर बेंजामिना. त्याची फांदी पूर्ण निष्पर्ण केली तर बऱ्याचदा वाळून जाते, म्हणून कापाच्या खाली दोन-तीन पानं ठेवावीच लागतात.

गच्ची_पुणे
जाड आणि बोथट आहेत, म्हणजे नांद्रुक. मग मुळं कधी आणि कशी करू?

माती_खडी
साचणाऱ्या पाण्याकडे माझं दुर्लक्ष झालं. पानोपानी यांचाच क्रम धरा, मुळं आधी.

पानोपानी
जूनमध्ये हवेत दमटपणा आला की. तोवर काडीने मातीत आठ-दहा खोल भोकं पाडून ठेवा. गोळा कोरडा ठणठणीत झाला तर पाणी कडेने निघून जातं आणि मध्ये थेंब पोचत नाही. तसं झालं तर पिशवी पंधरा मिनिटं बादलीत बुडवायची.

कुंडी: 10-12 इंच रुंद, 4-5 इंच खोल प्लास्टिकचा टब, तळाला भरपूर भोकं, त्यावर जाळी. मिश्रण: दोन भाग विटांचे तुकडे, एक भाग कोळशाची जळकी खडी, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत. तुकडे ज्वारीच्या दाण्यापासून वाळल्या वाटाण्याएवढे. पिठाच्या चाळणीतून पडणारी भुकटी पूर्ण टाकून द्या, तीच तळाशी बसून भोकं बुजवते. बागेची माती अजिबात नको.

पिशवी कापा, गोळा काडीने आणि पाइपच्या पाण्याने मोकळा करा. सरळ खाली जाणारं जाड मूळ धारदार कात्रीने कापा, पिशवीच्या भिंतीलगत गोल फिरलेली मुळंही. आडवी पसरलेली बारीक मुळं जपा. एकूण मुळांपैकी एक तृतीयांशाहून जास्त पहिल्या खेपेला काढू नका. सगळं सावलीत करा आणि मुळं ओल्या गोणपाटाखाली ठेवा, दहा मिनिटांच्या वाऱ्यात बारीक मुळं सुकतात.

टबात बसवल्यावर तळाच्या भोकांतून तार आणून मुळांचा गोळा घट्ट बांधा. झाड हललं की नवी पांढरी मुळं तुटतात. मिश्रण काडीने खोचून पोकळ्या भरा, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या. तीन आठवडे सावली, महिनाभर खत नाही. पहिल्या दहा दिवसांत थोडी पानं पिवळी होऊन गळली तर चालेल. फांदीचं टोक मऊ आणि काळं पडलं तर मात्र पाणी जास्त होतंय.

पाणी ठरवायला एक काडी टबात रोवून ठेवा. उपसल्यावर ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

जोमदार फुटवे दिसले की ऑगस्टमध्ये शेंडा कापा, सप्टेंबरच्या पुढे नेऊ नका. थंडीत वाढ मंदावते, जखम भरत नाही.

तार_आणि_चिमटा
फांद्यांना वळण द्यायच्या तारेचं राहिलं. ॲल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, 45 अंशात गुंडाळलेली. पावसाळ्यात नांद्रुक झपाट्याने फुगतो, तार तिसऱ्या आठवड्यापासून दर चार दिवसांनी तपासा. रुतू लागली की कटरने तुकडे करून काढा, उलगडायला गेलात तर साल सोलते.

कोवळी पानं मध्यशिरेवर मिटून त्यावर तांबडे-जांभळे ठिपके दिसले तर पान उघडून बघा, आत काळे बारीक फुलकिडे असतात. वरून नीमतेल मारलं तर मिटलेल्या पानात जात नाही. तशी पानं खुडून पिशवीत बांधून टाका, खाली कुंडीत पडू देऊ नका.