पानवल पूल नेमका कुठून पाहावा?

प्रश्न: कोकण रेल्वेवरचा रत्नागिरीजवळचा पानवल पूल माझ्या मुलीला दाखवायचा आहे. गाडीतून तो नीट दिसतो का, आणि त्याची बांधणी इतकी वाखाणली का जाते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: रत्नागिरी सोडल्यावर निवसरच्या आधी हा पूल लागतो. खिडकीतून खोल दरी आणि झाडांचे शेंडे दिसतात, पूल मात्र दिसत नाही, कारण आपण त्याच्याच माथ्यावर असतो. त्याची 64 मीटर उंची खरी जाणवते ती खाली उभे राहून मान वर केल्यावरच.

प्रतिसाद २: स्थापत्य अभियंता म्हणून मला या पुलाचे फार अप्रूप आहे. एवढ्या खोल दरीत खालून परांच्या उभारून पुलाचा 424 मीटर लांबीचा काँक्रीटचा वरचा भाग ओतणे अतिशय अवघड होते. म्हणून तो दरीच्या काठावर तुकड्यातुकड्याने ओतला आणि प्रत्येक नवा तुकडा जोडल्यावर आधीचा सगळा भाग हायड्रॉलिक जॅकने खांबांवरून पुढे सरकवला. टोकाला बसवलेली हलकी पोलादी चोच पुढच्या खांबावर आधी टेकते, त्यामुळे अधांतरी भागावरचा ताण कमी होतो. मुलीला हे पट्टी आणि दोन पुस्तके घेऊन सहज दाखवता येईल.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. मग रत्नागिरीला उतरून रस्त्यानेच पुलाखाली जातो.

प्रतिसाद १: पावसाळा ओसरल्यावर जा, तेव्हा दरी हिरवीगार असते आणि धुकेही आड येत नाही.