गॅन्ट्रीच्या दोन मोटरी: एकच ड्रायव्हर पुरेल का?

सीएनसी मशीनच्या गॅन्ट्रीच्या (टूल वाहून नेणाऱ्या आडव्या पुलाच्या) दोन बाजूंना दोन स्टेपर मोटरी असतात, ठरावीक पावलांनी (स्टेपने) फिरणाऱ्या. त्या दोन्ही एकाच ड्रायव्हरवर (मोटर चालवणाऱ्या सर्किटवर) जोडल्या की आपोआप जुळून चालतील, हा सल्ला अर्धाच खरा आहे. पल्स (पाऊल टाकायचे इशारे) दोघींना सारख्याच मिळतात. पण पॉवर बंद असताना गॅन्ट्रीला धक्का लागला, की एक बाजू पुढे सरकते आणि पुन्हा चालू केल्यावर मोटर जवळच्या स्टेपवर जाऊन बसते. तिरकी गॅन्ट्री तिरकीच चालत राहते, कंट्रोलरला त्याचा पत्ताही नसतो. माझे सुरुवातीचे दोन चौकोनी ट्रे असेच समांतरभुज झाले!

म्हणून प्रत्येक मोटरला वेगळा ड्रायव्हर आणि वेगळा होमिंग स्विच (सुरुवातीची जागा शोधून देणारा) द्या. लिनक्ससीएनसी या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही जॉइंटना (इथे, दोन्ही मोटरींना) सारखाच ऋण होम सिक्वेन्स, म्हणजे होमिंगचा क्रमांक (उदा. -१) दिला, की होमिंगची शेवटची चाल दोघी एकत्रच करतात. ग्रबल-एचएएल या दुसऱ्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्येही ऑटो-स्क्वेअरिंग (गॅन्ट्री आपोआप काटकोनात आणणं) आहे.

स्विच अगदी काटकोनात बसवायच्या नादी लागू नका, फरक ऑफसेटने (स्विचपासून किती सरकायचं, त्या सेटिंगमधल्या आकड्याने) काढा. पेनने ३०० × ४०० मिमीचा आयत काढून दोन्ही कर्ण मोजा. काटकोन असेल तर दोन्ही ५०० येतात. कर्णांत १ मिमी फरक असेल आणि गॅन्ट्री सरकवणाऱ्या दोन बाजूंच्या स्क्रूंमधलं अंतर ६०० मिमी असेल, तर एका बाजूला साधारण १.२५ मिमी सरकवावं लागेल. कोणत्या दिशेने, ते एकदा करून बघितलं की कळतं. मी आधी उलटंच केलं होतं.

आणि स्क्रूऐवजी रॅक-पिनियनवर (दातेरी पट्टी आणि दातेरी चाकावर) मोटरी समोरासमोर असतील, तर एकीची दिशा उलटवायला विसरू नका.