फोटोथर्मल थेरपी: 'औष्णिक', 'ताप' की 'शेक'?

फोंडेकरीण: वाचनालयातल्या मुलांसाठी टिपण लिहितेय. सोन्याचे अतिसूक्ष्म कण कर्करोगाच्या गाठीत पोचवायचे, वरून लेझर सोडायचा, कण तापतात नि गाठ आतल्या आत भाजून निघते. याला मी 'प्रकाश-औष्णिक उपचार' लिहिलं. आई म्हणाली, "औष्णिक? हे वीज केंद्रात करतात काय गो?" दुसरा शब्द सुचवा.

साखळीकर: 'तापोपचार'. सुटसुटीत.

म्हापशाचा मास्तर: सुटसुटीत खरा, पण वाचणारा थर्मामीटर शोधेल. ताप आपोआप येतो, तापन कुणीतरी मुद्दाम करतं. म्हणून 'प्रकाशतापन' घ्या. आणि ताई, 'वरून लेझर' हे दुरुस्त करा. तो प्रकाश शरीरात फार खोल जात नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या १६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. गाठ पुरस्थ ग्रंथीतली (प्रोस्टेटमधली), म्हणून लेझरचा प्रकाश वाहून नेणारा बारीक तंतू थेट ग्रंथीत घातला होता. अजून चाचण्याच चालू आहेत, हेही लिहा.

साखळीकर: मग सरळ 'शेक' म्हणा ना. आजीलासुद्धा कळेल.

फोंडेकरीण: तिथेच घोळ आहे. मावशीचं रेडिएशन चालू होतं तेव्हा घरात सगळे म्हणायचे, "आज तिचा शेक आहे," "वीस लाईट झाल्या, पाच उरल्या." वास्तविक ते किरण पेशीतल्या डीएनएवर घाव घालतात. दिसणारा उजेड नाही, अंगाला चटका नाही. आणि इथे खरोखरचा प्रकाश आहे, खरोखरचा शेक आहे, तर दोन्ही शब्द आधीच दुसऱ्याच्या घरी नांदायला गेलेले!

डिचोलीचा शेट: मी सोनार, औषधातलं कळत नाही. पण 'सोन्याचा कण' म्हणजे आमच्याकडे कानस मारताना पडतो तो. पेढीतला केरसुद्धा आम्ही धुऊन बघतो. हे कण केवढे? आणि सोनं वितळायला १०६४ अंश लागतात, माणूस जगेल कसा?

म्हापशाचा मास्तर: शेटबाब, वितळवायचं नाहीच. ४२ ते ४५ अंशांना पेशी दुबळी होते, ५० च्या वर काही मिनिटांत मरते. तुमच्या मुशीपुढे हे कोमटच. कण साधारण १५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा पाचशेवा हिस्सा धरा. तोही अख्खा सोन्याचा नाही. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या नेओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाने २००३ साली जे दाखवलं, त्यात आत सिलिकाची, म्हणजे काचेच्या जातीच्या पदार्थाची, गोळी नि बाहेर सोन्याचा पातळ थर होता. थराची जाडी जमवली की कण ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश शोषतो. कातडी आणि रक्त तो प्रकाश कमी शोषतात, म्हणून वाटेतलं मांस वाचतं.

फोंडेकरीण: त्या थराला मी 'सुवर्णकवच' लिहिलंय.

डिचोलीचा शेट: कवच राखण करायला असतं. इथे राखायचं काय? याला मुलामा म्हणतात.

म्हापशाचा मास्तर: मान्य! आम्ही कोश चाळत बसलो नि शब्द पेढीवर सापडला.

साखळीकर: सुवर्णभस्माचाच हा प्रकार ना? 'सुवर्णोपचार' कसा वाटतो?

म्हापशाचा मास्तर: म्हणूनच तो नको. सोनं इथे तव्याचं काम करतं. तव्याला कोणी औषध म्हणत नाही. शिवाय एवढे बारीक कण पिवळेही दिसत नाहीत. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५७ साली सोन्याचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले, तर पाणी माणकासारखं लाल दिसलं. कोकणीतलं 'भांगर', म्हणजे सोनं, ऐकून जो रंग डोळ्यांपुढे येतो, तो इथे विसरायचा.

फोंडेकरीण: आणि 'नॅनो'ला 'अब्जांश' चालेल?

म्हापशाचा मास्तर: अर्थ चोख आहे, मीटरचा अब्जावा भाग. एक गंमत सांगतो, विषयाला सोडून आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संख्यांची नावं येतात, त्यात कोटीनंतर अर्बुद, नि अर्बुदाला लागून अब्ज. अर्बुद म्हणजे गाठही. तेव्हा अर्बुदावर अब्जांश हे शेजाऱ्याशेजाऱ्यांतलंच भांडण.

फोंडेकरीण: ठरलं. 'प्रकाशतापन' घेते, कवच खोडून 'सोन्याचा मुलामा', आणि पहिल्याच ओळीत 'हा रेडिएशनचा शेक नव्हे'. आत्ताच आईला वाचून दाखवलं. तापन कळलं, मुलामा कळला, अब्जांशापाशी अडली. म्हणाली, "नॅनोच म्हण की. ती इवलीशी गाडी नव्हती?"