नवीन लॅपटॉपवर गेम खेळताना पडदा काळा होतो, ग्राफिक्स ड्रायव्हर तीनदा टाकून झाला : मदत हवी आहे

वडगावकर (शुक्रवार, रात्री 10:40)
नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी कोल्हापूरहून नवीन गेमिंग लॅपटॉप आणला. गेम सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटे सगळे सुरळीत चालते, मग पडदा सेकंदभर काळा होऊन परत येतो, आणि परत आल्यावर गेम इतका अडखळतो की वळण दिसेपर्यंत गाडी कठड्यावर आदळलेली असते. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारा प्रोग्रॅम, तीन वेळा काढून पुन्हा टाकला, विंडोजचे सगळे अपडेट घेतले, तरी फरक पडलेला नाही. दुकानदार सर्व्हिस सेंटरला द्या म्हणतो, पण एकदा तिकडे गेला की पंधरा दिवस तरी हातात येणार नाही आणि सोमवारपासून मला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तो लागणार आहे. नेमका कोणता ड्रायव्हर टाकावा एवढेच कृपया सांगावे, बाकी सर्व मी तपासले आहे.

खानापूरकर (रात्री 10:58)
तुमची घाई समजते, पण प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स चिप कोणती, रॅम किती, गेम कोणता आणि त्या वेळी लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असतो की बॅटरीवर, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. एवढ्या माहितीवर ड्रायव्हरची आवृत्ती सांगणे म्हणजे रोग्याला न पाहता औषध देणे होईल.

टिळकवाडी_मास्तर (रात्री 11:15)
माझ्या मते मूळ दोष जुन्या ड्रायव्हरच्या उरलेल्या फायलींमध्ये आहे. कंट्रोल पॅनेलमधून ड्रायव्हर काढला तरी त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, राहतात, आणि त्यावर नवीन ड्रायव्हर बसवला की दोघांची गल्लत होते. यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर म्हणजेच डीडीयू हे साधन मोफत मिळते. हवा असलेला ड्रायव्हर आधी उतरवून ठेवावा, मग इंटरनेट बंद करावे, कारण ड्रायव्हर काढताच विंडोज अपडेट परस्पर दुसराच ड्रायव्हर आणून बसवते. त्यानंतर सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरते चालते ती अवस्था) जाऊन डीडीयू चालवावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि उतरवलेला ड्रायव्हर बसवावा. मी स्वतः हा उपाय किमान चार लॅपटॉपवर केला आहे आणि एकदाही निराशा झालेली नाही.

खानापूरकर (रात्री 11:22)
मास्तर, उपाय योग्य आहे, पण एक धोक्याची सूचना राहिली. विंडोज 11 असलेल्या बऱ्याच नवीन लॅपटॉपवर बिटलॉकरचे कूटबंधन, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय, आधीपासूनच चालू असते, आणि सेफ मोडमध्ये जाताना 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दिसते का, हे आधी पाहून कागदावर उतरवून घ्यावे. माझ्या चुलतभावाने हे पाहिले नव्हते आणि रात्री दोन वाजता निळ्या पडद्यासमोर बसून राहण्याची वेळ त्याच्यावर आली होती.

निपाणीकर (रात्री 11:40)
दहा-पंधरा मिनिटांनी त्रास सुरू होतो, याचा अर्थ लॅपटॉप तापतो आहे. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये माझाही लॅपटॉप असाच करत असे. मी खाली पंख्यांचा स्टँड घेतला आणि प्रश्न मिटला. ड्रायव्हरच्या नादी लागू नये.

वडगावकर (शनिवार, सकाळी 9:05)
सर्वांचे आभार. इंटेलचा 13 व्या पिढीचा आय7, आरटीएक्स 4060, 16 जीबी रॅम, 144 हर्ट्झचा (सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा) पडदा, विंडोज 11. गेम फोर्झा होरायझन 5. लॅपटॉप चार्जिंगला लावूनच खेळतो. गेम चालू असताना ग्राफिक्स चिपचे तापमान 62 अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे स्टँडचा उपयोग होईल असे वाटत नाही.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे रात्रीच डीडीयू चालवले आणि आता नवीनच अडचण उभी राहिली आहे. पडद्याचा उजेड कमी-जास्त करण्याची कळ चालत नाही, 144 हर्ट्झचा पर्याय नाहीसा झाला आहे आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे दिसते. आधी होते त्यापेक्षा वाईट झाले. कृपया लवकर सांगा.

टिळकवाडी_मास्तर (सकाळी 9:30)
घाबरू नका, लॅपटॉप बिघडलेला नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत. एक प्रोसेसरमध्येच असलेली इंटेलची आणि दुसरी एनव्हिडियाची. अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये पडदा इंटेलच्या चिपला जोडलेला असतो, गेमची चित्रे एनव्हिडियाची चिप तयार करते आणि ती इंटेलच्या वाटेने पडद्यावर येतात. डीडीयूमध्ये तुम्ही दोन्ही कंपन्यांचे ड्रायव्हर काढले आणि परत फक्त एनव्हिडियाचा बसवला. त्यामुळे पडद्याचा खरा सूत्रधारच बाहेर राहिला. हे मी स्पष्ट लिहायला हवे होते, ती चूक माझी आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलच्या पानावरून आधी इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर घ्यावा, तो बसवून संगणक पुन्हा सुरू करावा आणि त्यानंतर तिथलाच एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवावा. उजेडाची कळ आणि 144 हर्ट्झ दोन्ही परत येतील.

चिकोडीकर (सकाळी 10:10)
खरे सांगायचे तर गेमसाठी लॅपटॉप घेणेच योग्य नव्हते. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जोडला असता तर पुढे ग्राफिक्स कार्ड बदलता आले असते. माझ्या भाच्याने तसेच केले आणि तो समाधानी आहे. शिवाय कोल्हापूरला घेतलेल्या मालाची वॉरंटी कर्नाटकात चालते का, हेही तुम्ही पाहिले आहे का?

खानापूरकर (सकाळी 10:24)
चिकोडीकर, लॅपटॉप घेऊन झाला आहे, तेव्हा त्या चर्चेचा त्यांना आज उपयोग नाही. वॉरंटी बहुतेक कंपन्या भारतभर देतात, कार्डावर तसे लिहिलेले असते.

वडगावकर, आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ड्रायव्हर कोसळतो असे आपण सगळे धरून चाललो आहोत, पण तो खरोखर कोसळतो का, हे कुणी पाहिलेले नाही. ग्राफिक्स चिपने ठरावीक वेळात, म्हणजे सहसा 2 सेकंदांत, उत्तर दिले नाही तर विंडोज ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करते आणि त्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत 4101 या क्रमांकाने होते. स्टार्टवर उजवी कळ दाबून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिस्टम’मध्ये जा आणि पडदा काळा झाला त्या मिनिटाला काय नोंदले आहे ते जसेच्या तसे लिहा. दोष ड्रायव्हरचा असेल तर 4101 किंवा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावाची नोंद तिथे सापडेल.

वडगावकर (दुपारी 1:45)
इंटेलचा ड्रायव्हर बसवला. उजेडाची कळ आणि 144 हर्ट्झ परत आले, मास्तरांचे मनापासून आभार. मग वीस मिनिटे गेम खेळून घड्याळ समोर ठेवले आणि पडदा काळा झाला की वेळ लिहून घेतली : 1:08, 1:11, 1:12, 1:17. चारही वेळांना 4101 ची नोंद नाही. त्याऐवजी प्रत्येक वेळेला ‘कर्नल-पॉवर’ या नावाखाली क्रमांक 105 आहे आणि वर्णनात ‘पॉवर सोर्स चेंज’ एवढेच लिहिले आहे. मागच्या तीन आठवड्यांत याच क्रमांकाच्या शेकडो नोंदी आहेत. याचा ड्रायव्हरशी काय संबंध आहे?

उद्यमबाग_वायरमन (दुपारी 2:02)
मी संगणकवाला नाही, पण विजेचे काम चोवीस वर्षे करतो आहे, म्हणून विचारतो. ही नोंद लॅपटॉप विजेवरून बॅटरीवर आणि बॅटरीवरून विजेवर जात असल्याची दिसते. तुम्ही चार्जर कोणता लावता? त्याच्यावर किती वॅट लिहिले आहे? आणि वडगावात घराला लागून माग आहेत का? माग सुरू होताना व्होल्टेज खाली येते, तेव्हा तेही पाहायला हवे.

वडगावकर (दुपारी 2:20)
काका, घरात पुढच्या खोलीत दोन माग आहेत, पण रात्री ते बंद असतात आणि त्रास रात्रीही होतो.

चार्जर माझ्या ताईच्या ऑफिसच्या लॅपटॉपचा आहे. टाइप-सी, 65 वॅट. लॅपटॉपसोबत आलेला चार्जर विटेएवढा मोठा आहे आणि त्याचा प्लग गिझरसारखा जाड पिनांचा आहे. माझ्या खोलीतल्या बोर्डात तो जातच नाही, म्हणून तो खोक्यातच ठेवला. टाइप-सीने चार्जिंगचे चिन्ह दिसते, त्यामुळे ते सांगण्यासारखे वाटले नाही. आता आठवते, गेम खेळताना चार्जिंग चालू असूनही तासाभरात बॅटरी 100 वरून 61 वर आली होती.

खानापूरकर (दुपारी 2:41)
हेच कारण आहे. आरटीएक्स 4060 ही चिप लॅपटॉपमध्ये 35 पासून 115 वॅटपर्यंत वीज घेते, किती घ्यायची ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. तुमच्या प्रोसेसरची मूळ गरज किमान 45 वॅट, त्यात पडदा आणि पंखे वेगळे. चार्जर एकूण 65 वॅट देतो. उरलेली वीज लॅपटॉप बॅटरीतून ओढतो, आणि ओढ फार वाढली की काही लॅपटॉप तो लहान चार्जर क्षणभर सोडून देतात आणि पुन्हा पकडतात. प्रत्येक वेळी विंडोजला वाटते की वीज गेली आणि आली. बॅटरीवर जाताच पडदा 144 वरून 60 हर्ट्झवर उतरण्याची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, आणि तो बदल होताना पडदा सेकंदभर काळा होतो. पाठोपाठ ग्राफिक्स चिपची वीजही कमी केली जाते, म्हणून गेम अडखळतो. तापमान 62 अंशांवरच का थांबत होते, तेही यातून कळते : चिपला पोटभर वीजच मिळत नव्हती. ड्रायव्हर बिचारा पहिल्या दिवसापासून ठीक होता.

टिळकवाडी_मास्तर (दुपारी 2:55)
पटले. तरीही एक सांगतो, टाइप-सी म्हणजे कमी वीज असे आता राहिलेले नाही. 2021 च्या मानकात टाइप-सीवरून 240 वॅटपर्यंत वीज देता येते. तेव्हा मोठा टाइप-सी चार्जर घेऊनही काम भागेल.

खानापूरकर (दुपारी 3:01)
मानकात आहे म्हणून लॅपटॉपच्या खाचेत आहे असे होत नाही. खाच किती वॅट स्वीकारते ते बनवणाऱ्याने ठरवलेले असते आणि अनेक गेमिंग लॅपटॉपवर ते 100 वॅटच्या आसपासच असते. पेटीतला चार्जर असताना नवा खर्च कशासाठी?

निपाणीकर (दुपारी 3:10)
मग सोपे आहे. खडेबाजारात जाड पिनेला बारीक करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावावा.

उद्यमबाग_वायरमन (दुपारी 3:34)
निपाणीकर, तो कन्व्हर्टर लावू नये असे मी आग्रहाने सांगतो. भार मोठा आहे हे माझे कारण नाही. तुमचा चार्जर 230 वॅटचा धरला तरी तो 230 व्होल्टवर जेमतेम एक अँपिअर घेतो, थोडी गळती धरून सव्वा म्हणा, आणि साधा पाच अँपिअरचा पॉइंट तेवढे सहज सोसतो. पण स्वस्त कन्व्हर्टरची पितळी पट्टी आत सैल असते, जड प्लगच्या वजनाने ती खाली लोंबते, ठिणगी उडते आणि प्लॅस्टिक काळे पडते. काहींमध्ये तर अर्थिंगची पिन नुसती शोभेची असते. असे जळके कन्व्हर्टर मी कित्येक घरांतून काढले आहेत.

त्यापेक्षा चार्जरची वायर नीट बघा. मोठ्या चार्जरची वायर बहुधा विटेच्या अंगातून सुटी निघते. तिथे तीन सपाट पिनांची खाच असेल तर ती डेस्कटॉपच्या किंवा मॉनिटरच्या वायरीचीच खाच आहे. घरात जुना संगणक असेल तर त्याची वायर लावून पाहा, तिला साधा तीन पिनांचा प्लग असतो. वायर जाड आणि आयएसआय खुणेची असावी.

आणि लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावर मनगटाची आतली बाजू हलकेच फिरवून झिणझिण्या येतात का, ते मला कळवा.

वडगावकर (रात्री 9:50)
काका, बाबांच्या हिशेबाचा जुना संगणक माळ्यावर होता. त्याची वायर पुसून लावली आणि ती विटेत अगदी घट्ट बसली. सात ते नऊ गेम खेळलो. पडदा एकदाही काळा झाला नाही. सेकंदाला 25 फ्रेमवर येऊन पडणारा गेम आता 90 च्या आसपास राहतो आहे. ग्राफिक्स चिप 74 अंशांपर्यंत गेली, पण तिथेच थांबली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 105 ची एकच नोंद आहे आणि ती मी प्लग लावला त्या मिनिटाची आहे. तीन आठवडे मी ड्रायव्हर बदलत राहिलो आणि चार्जर खोक्यात पडून होता, याचे वाईट वाटते. सुरुवातीलाच सगळे लिहिले असते तर तुमचाही वेळ वाचला असता.

दोन गोष्टी राहिल्या. विंडोज अपडेट पुन्हा ड्रायव्हर बदलेल का? आणि काका, झाकणावर हात फिरवला तर मुंग्या आल्यासारखे होते. आधी टाइप-सी चार्जर असतानाही होत होते.

टिळकवाडी_मास्तर (रात्री 10:05)
बदलू शकते. पण बदलला तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या चिपच्या गुणधर्मांत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून मागच्या ड्रायव्हरवर येता येते. त्रास झाल्याशिवाय आता काहीही बदलू नका.

उद्यमबाग_वायरमन (रात्री 10:12)
आधीचा चार्जर दोन पिनांचा असेल तर त्याला अर्थिंग नसतेच, त्यात थोड्या झिणझिण्या येतात. तीन पिनांची वायर लावूनही येत असतील तर त्या बोर्डाला अर्थिंग पोचलेले नाही असे धरा. आज रात्री त्या बोर्डावर पुन्हा लावू नका. मागांच्या खोलीतल्या बोर्डाला अर्थिंग असण्याची शक्यता जास्त आहे, मोटारींसाठी ते केलेले असते. तिथे लावून हात फिरवून पाहा.

वडगावकर (रात्री 10:31)
मागांच्या खोलीत लावून पाहिले. झाकणावर आता काहीच जाणवत नाही. माझ्या खोलीतला बोर्ड उघडून पाहायला उद्या सकाळी आमच्या गल्लीतल्या वायरमनला बोलावले आहे. तोवर लॅपटॉप इथेच, मागाशेजारच्या स्टुलावर राहील.