लांबकान्या हेजहॉग, दूध-भाकरी आणि कूलरचं पाणी

होटगीरोडकर: काल ग्रुपवर एकाने लांब कानांच्या हेजहॉगचा, म्हणजे पाठीवर काटे असलेल्या छोट्या प्राण्याचा, फोटो टाकलाय. "राजस्थानातून आणला, सांभाळायला एकदम सोपा, दूध-भाकरी खातो, गच्चीवरच्या खोलीत ठेवलाय." खाली सगळे "क्यूट, क्यूट"! अहो, ते लांब कान अंगातली उष्णता बाहेर टाकायला असतात हे खरं, पण वाळवंटात तो दिवसभर बिळात पडून असतो, रात्री बाहेर निघतो. आपल्या सोलापुरात मेमध्ये पारा 44 ला टेकतो, गच्चीवर बीळ कुठलं? दूध त्याला पचत नाही, जुलाब लागतात. त्याचं खाणं किडे, नाकतोडे, अळ्या. शिवाय रानातला धरून आणलेला असला तर 1972 चा वन्यजीव कायदा आहे.

गच्चीवरचा राजा: फोटो माझाच हाय. चोवीस तास कूलर लावलाय त्याला. तुमच्या घरात माणसांना तरी हाय का बे? दुधानं अजून काही झालं नाही. हात लावला की गोळा होऊन फुसफुसतो, पोरं लई खूश.

शेंगाचटणी: चोवीस तास कूलर? पाणी कुठून आणतोस? आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी येतं, तेही मध्यरात्री. बॅरल भरून भरून कंबर गेली. धरण उशाला, कोरड घशाला!

गच्चीवरचा राजा: बोअर हाय आमचं.

शेंगाचटणी: तुमच्यासारख्यांच्या बोअरनंच आमच्या आडाचा तळ दिसायला लागलाय.

होटगीरोडकर: पाण्याचा वेगळा धागा काढा की ओ. राजाभाऊ, फुसफुसतोय म्हणजे घाबरलाय तो. लाडात नाही आला.

पेठेतली वहिनी: माझी नणंद पुण्यात आफ्रिकन जातीचा पाळते. एकदा नवी साबणवडी चाटली, तोंडाला फेस, मान वाकडी करून तोच फेस पाठीच्या काट्यांना फासत बसला. आम्हाला वाटलं पिसाळला! अनोळखी वास आला की करतात म्हणे. थंडीत तर खोली गार पडली की सुस्तावतो, म्हणून रात्रभर हीटर. सोपं म्हणणाऱ्यानं तिचं लाइट बिल बघावं.

सातरस्ता: साळिंदराचं पिल्लू ते. नान्नजला सोडून या, अभयारण्य हायच.

होटगीरोडकर: साळिंदर उंदरांच्या गोतातलं, हा चिचुंद्रीचा भाऊबंद. आणि माळढोक पक्ष्याचं अभयारण्य म्हणजे नको झालेली जनावरं टाकायचा उकिरडा नव्हे. वन खात्याला कळवा.

गच्चीवरचा राजा: कळवलं की केस माझ्यावरच! सल्ला द्यायला काय जातंय?

होटगीरोडकर: आणताना विचारलं होतंत का कुणाला?

गच्चीवरचा राजा: बरं, दूध बंद. झालं समाधान? आता रोज रात्री नाकतोडे धरून द्यायला तुम्ही या.

पेठेतली वहिनी: मांजराचं कोरडं खाणं थोडं चालतं, नणंद देते. पण वन खात्याचं होटगीरोडकर बरोबर बोलतायत, भावजी.

शेंगाचटणी: हेजहॉगला मांजराचं खाणं, वर कूलर. आमचा टँकर परवापासून "निघालाय, निघालाय" चाललंय. कुणाकडं दुसरा टँकरवाला आहे का, ते सांगा आधी.

गच्चीवरचा राजा: बॅरल घेऊन ये बे, भरून देतो. पण आडाचं परत काढायचं नाही.