उभ्या अँटेनाचे घट्ट बसलेले सांधे कसे सोडवावेत?

बाणावलीचा हौशी:
नमस्कार. घराच्या गच्चीवर हौशी रेडिओच्या ७ मेगाहर्ट्‌झसाठी सुमारे दहा मीटर उंचीचा, एकात एक सरकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना आहे. पावसाळ्यापूर्वी तो उतरवला, परंतु खालचे दोन सांधे मुळीच हलत नाहीत व त्यांच्या कडेला पांढरी पूड साचली आहे. गॅसची ज्योत लावून दोन्ही बाजूंनी पाइप पान्याने ओढावे, असे एका वेल्डरने सुचवले. ते योग्य ठरेल का?

वेर्ण्याचा फिटर:
ज्योत कृपया लावू नका. अशा नळ्या बहुधा ६०६१ किंवा ६०६३ मिश्रधातूच्या, उष्णोपचाराने कणखर केलेल्या असतात. सुमारे २०० अंशांपुढे हा कणखरपणा जाऊ लागतो आणि अ‍ॅल्युमिनियम वितळेपर्यंत लाल होत नसल्यामुळे मर्यादा ओलांडल्याचे डोळ्यांना कळतही नाही. पाइप पान्याने नळी चेपून लंबगोल होते, म्हणजे सांधा अधिकच आवळला जातो.

पांढरी पूड म्हणजे खाऱ्या दमट हवेत झालेला अ‍ॅल्युमिनियमचा गंज. मूळ धातूपेक्षा तो अधिक जागा व्यापतो आणि दोन नळ्यांमध्ये पाचरीसारखा बसतो. म्हणून ओढण्याऐवजी पिळणे महत्त्वाचे. क्लॅम्प, स्क्रू, रिबिट सर्व काढल्याची खात्री करा, आतल्या नळीवर ओले फडके गुंडाळा आणि हॉट एअर गनने केवळ बाहेरची नळी झटपट तापवा. दोहोंत ८० अंशांचा फरक पडला, तर ४० मिलिमीटर व्यासावर जेमतेम ०.०७ मिलिमीटर मोकळीक मिळते, परंतु तेवढीही पुष्कळदा पुरते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पट्ट्याच्या पान्याने दोन्ही दिशांना थोडे थोडे पिळा. तरीही न सुटल्यास नळी पूर्ण थंड झाल्यावरच, कारण ही तेले पेट घेतात, गंज सोडवणारे तेल फटीत सोडून रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी लाकडी हातोडीने सभोवती हलके ठोका.

ट्रॉलरवरचा रेडिओवाला:
वरील उपाय फायबरग्लासच्या अँटेनाला लावू नयेत. त्यातील रेझिन उष्णतेने खराब होते. आम्ही पितळी आट्यांच्या भागावर फक्त गरम पाण्यात भिजवलेले फडके धरतो.

बाणावलीचा हौशी:
आभारी आहे. पुन्हा जोडताना साधे ग्रीस चालेल का?

वेर्ण्याचा फिटर:
अ‍ॅल्युमिनियम केबलच्या लगला (टोकाला बसवायच्या धातूच्या जोडतुकड्याला) लावतात ती जस्ताचे कण असलेली पेस्ट पातळ थरात लावणे अधिक चांगले. तांब्याची पेस्ट नको, कारण खाऱ्या ओलाव्यात तांब्याच्या संगतीने अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने झिजते. नळ्या आधी भांडी घासण्याच्या हिरव्या घासणीने स्वच्छ करा. तारेच्या घासणीचे लोखंडी कण मागे राहतात. फटी बुजवायला आंबट वासाचे सिलिकॉनही टाळा. तळाचे पाणी निचरण्याचे छिद्र मात्र टेपने झाकू नका, आणि सांधे सोडवण्यापूर्वी प्रत्येक नळी किती बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवा, अन्यथा अनुनाद (अँटेनाच्या लांबीचा वारंवारतेशी बसवलेला मेळ) पुन्हा जुळवावा लागेल.